निर्जंतुक मातीतला अमोनिया

मातीतून निघालेल्या अमोनियाचा टायट्रेशनने मोजलेला आकडा पाहून सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला: संसर्ग. काळ्या मातीत युरियाचं विघटन जीवाणू किती करतात, हे आम्ही मोजत होतो. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी जीवाणू मारलेली माती म्हणून, तीच माती कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांची 25 किलोग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा देऊन आणली होती. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून 0.1 किलोग्रेही लागत नाही. त्यावरून या माऱ्याचा अंदाज यावा. या मातीत युरिया जसाच्या तसा राहील असं गृहीत होतं. प्रत्यक्षात अमोनिया कच्च्या, म्हणजे किरण न दिलेल्या, मातीपेक्षा कमी, पण भरपूर निघत होता.

पहिला संशय पिशवीवर. पॉलिप्रॉपिलीन किरणांनी ठिसूळ होऊन तडकतं, पण आमची पिशवी जाड पॉलिथिनची, दुहेरी होती आणि शाबूत होती. पिशवी उघडली त्याच दिवशी लावलेल्या प्लेटा इन्क्युबेटरमधून काढल्या. 28 अंशांवर सात दिवस ठेवूनही न्यूट्रिएंट अगारवर जीवाणूंची वसाहत नाही, बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर बुरशी नाही. डिहायड्रोजिनेज या एन्झाइमच्या चाचणीच्या नळ्यांतही टीटीसी या रसायनाचा लाल रंग उतरला नव्हता. हे एन्झाइम जिवंत पेशीतच काम करतं, म्हणून मला ही खूण प्लेटांइतकीच मोलाची वाटते.

मग युरिएजची, म्हणजे युरियाचं विघटन करून अमोनिया सोडणाऱ्या एन्झाइमची, चाचणी पुन्हा लावली. 5 ग्रॅम माती, 0.2 मिलिलिटर टोल्यूइन, 9 मिलिलिटर थॅम बफर (सामू 9 वर स्थिर ठेवणारं द्रावण) आणि 0.2 मोलरचं 1 मिलिलिटर युरिया द्रावण, 37 अंशांवर दोन तास. टोल्यूइनमुळे नवे जीवाणू वाढू शकत नाहीत. वेळ संपताच पोटॅशियम क्लोराइड आणि सिल्व्हर सल्फेटचं द्रावण ओतायचं. चांदी युरिएजला तिथेच थांबवते. त्यात उशीर झाला तर अमोनिया वेगळा काढण्याच्या ऊर्ध्वपातनापर्यंत क्रिया चालूच राहते. सोबत बिनयुरियाचा फ्लास्क हवाच, कारण किरणांच्या माऱ्यानेच मातीत अमोनियम सुटतं आणि ते वजा करावं लागतं. वजा करूनही आकडा उभाच राहिला. 121 अंशांवर तीन दिवस रोज तासभर ऑटोक्लेव्ह केलेली, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेली, तीच माती कपाटात होती; तिच्यात मात्र जवळजवळ काहीच निघालं नाही.

जीवाणू मेले, त्यांचं युरिएज उरलं. डीएनए हा प्रचंड मोठा रेणू, त्याचे मोजके तुकडे झाले तरी पेशी संपते. एन्झाइमचा रेणू त्यामानाने लहान, त्याला किरण लागण्याची शक्यताच कमी. शिवाय काळ्या मातीतली स्मेक्टाइट चिकणमाती आणि ह्यूमस त्याला धरून ठेवतात. माती ओली असेल तर पाण्यापासून तयार होणारे मूलक (अतिक्रियाशील कण) एन्झाइमला जास्त इजा करतात, म्हणून किरण देतानाचा ओलावा नोंदवायलाच हवा. आम्ही तो लिहिलाच नव्हता. मॅक्लारेन आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्येच इलेक्ट्रॉन किरणांनी निर्जंतुक केलेल्या मातीतली युरिएजची क्रिया नोंदवली होती.

ऑटोक्लेव्ह हा सरळ पर्याय नाही. त्याने मातीची घडण बिघडते आणि मँगनीज सुटतं. आता आम्ही किरण दिलेली आणि ऑटोक्लेव्ह केलेली, असे दोन्ही कंट्रोल लावतो: किरण दिलेल्या मातीचा आकडा जुन्या एन्झाइमचा, कच्च्या मातीशी असलेला फरक साधारण जिवंत जीवाणूंचा. शिवाय अशा मातीत एखादा जीवाणू सोडायचा असेल, तर मेलेल्या पेशींचं आयतं खाद्य मिळून तो सुरुवातीला बेसुमार वाढतो. ती वाढ स्थिरावेपर्यंत आम्ही युरिया घालत नाही.