सलगम, गुरं आणि चिंधी

३१ ऑक्टोबर २०२४, डब्लिन

पहाटे अंधारातच उटणं लावून अंघोळी उरकल्या. कारीट इथे कुठून आणणार? लेकाने टाचेखाली द्राक्ष फोडलं आणि नरकासुर मेल्याचं जाहीर केलं. संध्याकाळी मी शेजारच्या आयरिश आजींच्या ओट्यापाशी हॅलोविनच्या कंदिलासाठी सलगम कोरत बसले. नुसता दगड! भोपळे अमेरिकेतले, आमच्याकडे कंदील सलगमाचेच, असं आजींनी ठसक्यात सांगितलं. चमचा वाकला, अंगठा कापला, पण जो चेहरा झाला तो भोपळ्याच्या बापाला जमणार नाही. मेयो परगण्यातल्या संग्रहालयात अशाच एका जुन्या कंदिलाची प्रतिकृती आहे. तीही अशीच दात विचकते.

हॅलोविन ज्यातून आला त्या आजच्या जुन्या आयरिश सणाचं नाव मी कित्येक वर्षं ‘समहेन’ असं वाचायचे. उच्चार साधारण ‘साउइन’. आयरिशमध्ये नोव्हेंबर महिन्याचंही हेच नाव. सगळीकडे त्याला सुगीचा सण म्हणतात, ते मला आता पटेनासं झालंय. सुगीची सुरुवात लूनसा या दुसऱ्या सणाला, १ ऑगस्टला होते. साउइन येईतो धान्य केव्हाच घरात पडलेलं असतं. आजचा हिशेब गुरांचा. मे महिन्यात डोंगरावर चरायला नेलेली गुरं या सुमाराला खाली आणायची. वरच्या त्या उन्हाळी मुक्कामाला ‘बूली’ म्हणत. मग राखलेलं कुरण बघायचं, तोंडं मोजायची आणि जी हिवाळाभर पोसवणार नाहीत ती कापायची. आजी हे सांगताना जराही हळव्या झाल्या नाहीत, कांदा चिरत राहिल्या. मला मात्र दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन घाटाखाली उतरणारे धनगर आठवले.

साउइन नावाचा कुणी मृत्यूचा देव होता, हे अजून ठोकून दिलं जातं. ती अठराव्या शतकातल्या व्हॅलन्सी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची कृपा. असा देव नव्हताच. जुन्या आयरिश कथांत या रात्री टेकड्यांची दारं उघडतात आणि आत राहणारे अद्भुत लोक बाहेर येतात, एवढं खरं. सर्व संतांचा दिवस चर्चने १ नोव्हेंबरला नंतर आणला.

आणि रात्रच का? रोमन सेनापती सीझरने गॉल लोकांबद्दल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या केल्टिक टोळ्यांबद्दल, लिहून ठेवलंय की ते काळ दिवसांनी नाही, रात्रींनी मोजतात. आधी रात्र, मग तिचा दिवस. म्हणजे उद्याचा सण आज दिवेलागणीलाच लागला. आज इथे सूर्य पाचच्या आत बुडाला, त्यामुळे हे समजायला फारसं डोकं लागलं नाही.

निघताना आजींनी घरी केलेल्या बार्मब्रॅकचा, म्हणजे मनुका घातलेल्या गोडसर पावाचा, तुकडा दिला. त्यात अंगठी निघाली तर लग्न, चिंधी निघाली तर वर्षभर गरिबी. मला चिंधी निघाली. लक्ष्मीपूजन उद्या आहे, बघू.