तुम्ही विचारलंत म्हणून: हा अडकित्ता खरंच जुना आहे का?

जुन्या बाजारातून अडकित्ता घेतला की हा प्रश्न हमखास येतो, बहुतेकदा फोटोसकट. ‘विकणारा पेशवाईतला म्हणाला.’ तो म्हणणारच. फोटोवरून काही कळत नाही, अडकित्ता हातात घ्यावा लागतो.

आधी खिळा बघा. दोन्ही दांडे ज्या खिळ्यावर फिरतात, तिथलं भोक वापराने लांबट होतं आणि अडकित्ता जरा डुगडुगतो. मग पातं. सुपारी खिळ्याजवळ धरली की जोर जास्त मिळतो, त्यामुळे पात्याची धार तिथेच झिजून खोलगट होते. पात्याची धार कोरी आणि अंग मात्र काळंकुट्ट असेल, तर थिनर लावलेला कापूस नक्षीच्या खाचेत फिरवा. रंग कापसावर उतरला तर म्हातारपण बाटलीतून आलंय.

नकला बहुधा ओतीव असतात. जुन्या नगावरून साचा काढून पितळ ओततात. त्यात नक्षीतल्या घोड्याचे डोळे, पोपटाची चोच बोथट होते, कडेने साच्याची रेघ राहते. थंड होताना पितळ साधारण दीड टक्का आकसतं, म्हणजे 18 सेंटिमीटरच्या अडकित्त्याची नक्कल जवळपास 3 मिलिमीटर आखूड भरते. लोहचुंबक पात्याला चिकटायलाच हवा. पितळी म्हणून दिलेल्या दांड्यालाही चिकटला, तर आत लोखंड आहे. साध्या लोखंडी अडकित्त्याची नक्कल करण्यात कुणाला फारसा फायदा नसतो, म्हणून संग्रहाची सुरुवात तिथून केलेली बरी. नजर तयार करायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहेच. तिथले अडकित्ते सावकाश बघा.

आता सफाई. चिंच-लिंबू नको. आंबट पाणी खिळ्यात शिरून पातं गंजवतं आणि पितळेतलं जस्त खाऊन गुलाबी डाग पाडतं. अमोनिया असलेलं पॉलिशही नको. इंग्रजी लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवल्यावर तडकायची, ती घोड्यांच्या मुतातल्या अमोनियामुळेच. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ टूथब्रश, आणि लगेच कोरडं करणं, एवढं पुरतं. पात्याच्या गंजावर शिलाई मशीनचं तेल रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी अगदी बारीक स्टीलवूल हलक्या हाताने फिरवा. खिळ्यात तेलाचा एकच थेंब. धार लावू नका, झिजलेली धार हाच त्याच्या वयाचा पुरावा आहे.

सोबत चुनाळं मिळालं असेल, तर आतला दगड झालेला चुना सुरीने खरवडू नका. बांबूची काडी घ्या, निघेल तेवढा काढा, बाकी राहू द्या.