दिवा चालू, तक्रार बंद

'पाहणी केली असता दिवा चालू असल्याचे आढळले. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' हे वाक्य आता मला पाठ झालंय.

माझी तक्रार दिवा बंद असल्याची नव्हतीच. रात्री झेब्रा क्रॉसिंगवर उभा असलेला माणूस गाडीवाल्याला दिसत नाही, ही होती. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये रकाने ठरलेले: दिवा बंद, दिवा दिवसाही चालू, खांब वाकलेला. दिवा जळतोय पण हवा तिथे उजेड नाही, असं सांगायला जागाच नाही. मग 'दिवा बंद' निवडायचं आणि खाली सविस्तर लिहायचं. ते खालचं कुणी वाचत नाही. कर्मचारी येतो, वर बघतो, दिवा जळत असतो, विषय संपला. पुन्हा तक्रार, पुन्हा तेच उत्तर. मला याचा संताप अजूनही येतो, कारण मधल्या काळात लोक रोज तिथूनच रस्ता ओलांडत होते.

अडचण साधी होती. खांब एकच आणि तो क्रॉसिंगच्या एका अंगाला. त्या बाजूने येणाऱ्या गाडीला माणसाची उजळलेली बाजू दिसते. उलट दिशेने येणाऱ्याला मात्र दिवा माणसाच्या मागे पडतो. मागून दिव्याचा उजेड, पुढून गाडीचा डिपर, आणि या दोन्हींत माणूस व त्याच्यामागचा रस्ता एकसारखे करडे होऊन जातात. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर कोरड्या रस्त्यावरही थांबायला साधारण ३७ मीटर लागतात. गडद कपड्यांतला माणूस डिपरवर बऱ्याचदा ३० मीटरच्या आत आल्यावरच कळतो. आणि पायी चालणाऱ्याला गाडीचे दिवे लांबूनच दिसतात, त्यामुळे आपणही दिसतोय असं त्याला वाटतं.

शेवटी फॉर्म सोडला आणि लेखी अर्ज दिला. पोच घ्या, आवक क्रमांक टाकून घ्या, खांबावरचा क्रमांक अर्जात लिहा. आणि 'सूर्यास्तानंतर संयुक्त पाहणी व्हावी' हे वाक्य घालाच. माझ्या बाबतीत त्याच वाक्याने काम झालं.

तरी पाहणीच्या रात्री अभियंता आले ते चांगल्या बाजूने. लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचा मीटर, रस्त्यावर आडवा ठेवला, आकडा ठीक निघाला, वही मिटायला लागले. मी म्हटलं, साहेब, गाडीवाला रस्ता नाही, माणूस बघतो. मीटर छातीच्या उंचीवर उभा धरा, तोंड पलीकडून येणाऱ्या गाडीकडे करा. त्यांनी धरला. आकडा इतका खाली आला की त्यांनी मीटर झटकून पुन्हा पाहिला. मग मी त्यांना गाडीत बसवून पलीकडून आणलं. काळं जॅकेट घातलेला माझा भाऊ क्रॉसिंगवर उभाच होता. बरंच जवळ आल्यावर ते म्हणाले, "अरे, हा इथे आहे होय!"

त्यानंतरची मंजुरी वगैरे सुरळीत झाली. दुसऱ्या बाजूला, क्रॉसिंगच्या थोडं अलीकडे नवा खांब लागला आणि जुन्या दिव्यासमोर आलेल्या फांद्याही छाटल्या. त्या रात्री मी बराच वेळ तिथे उभा राहून येणाऱ्या गाड्या वेग कमी करताना बघत होतो. खूप बरं वाटलं.

पाहणीला एखादे साठीचे चालकही सोबत न्या. त्या वयात डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, त्यामुळे तरुण अभियंत्याला 'ठीक' वाटणारा रस्ता त्यांना ठीक नसतो.

फोटोंचं सांगायचं राहिलं. अर्जाला जोडायचे फोटो चालकाच्या जागेवरून, दोन्ही दिशांनी काढा (गाडी थांबवून, किंवा शेजारच्या सीटवरून दुसऱ्याने). फोनचा नाइट मोड आधी बंद करा. तो अंधार आपोआप उजळवतो आणि मग फोटोत सगळं छान दिसतं.