सहा सुया आणि एक पिशवी

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, दर खेपेला चार तास. मला बाहेरच्या खुर्चीवर थांबावं लागतं. फोनवर किती वेळ काढणार? म्हणून भरतकाम न्यायला लागले. सामान एका मिठाईच्या चौकोनी डब्यात असायचं. एके दिवशी नर्सने हाक मारली, मी घाईत उठले आणि डबा मांडीवरून पडला. दोऱ्याच्या लड्या, कापड ताणून धरायची रिंग, कात्री सगळं गोळा झालं, पण एक सुई सापडेना. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, उठू नका आधी. अनवाणी माणसं असतात इथं, कुणाच्या पायात गेली तर?" दोघींनी गुडघ्यावर बसून ती शोधली. खुर्चीच्या पायाला चिकटून पडली होती. त्या दिवशी घरी येताना ठरवलं की यापुढे डबा न्यायचा नाही, मांडीवर उभी राहील अशी पिशवी शिवायची.

आधी सगळं सामान टेबलावर मांडून मापं घेतली. माझी मोठी रिंग ८ इंचांची आहे. वरचा स्क्रू बाहेर येतो, त्यामुळे ८ इंच धरून चालत नाही, ९ लागतात. म्हणून तयार पिशवी १० इंच रुंद, ९ इंच उंच आणि तळाला ३ इंच खोल ठरवली. अर्ध्या इंचाची शिलाई धरून प्रत्येक बाजू १४ बाय साडेअकरा कापली आणि खालच्या कोपऱ्यांतून दीड इंचाचे चौकोन काढले. तळाची खोली त्या चौकोनांवर ठरते. आधी कागदावर कापून, चिकटपट्टीने जोडून बघितलं, म्हणून कापड वाया गेलं नाही.

वरच्या भागाला कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण घेतला, आईच्या चोळीचा उरलेला. खालचा भाग जमिनीला लागणार, तिथं खण नको वाटला. बाबांची एक जाड पँट होती, आता त्यांच्या कमरेला होत नाही. ती त्यांनीच आणून दिली. खणाची सुतं फार लवकर निघतात, म्हणून कापायच्या आधीच मागून इस्त्रीने चिकटणारं बकरम लावलं. अस्तराला मांजरपाट, तोही धुऊन इस्त्री केलेला, कारण कोरा मांजरपाट पहिल्याच पाण्यात आटतो. अस्तर पांढरट असावं हा माझा आग्रह आहे. गडद अस्तरात पडलेली सुई डोळ्यांना दिसत नाही, हाताला टोचल्यावर कळते.

आतले खिसे मी दोनदा शिवले. लडीची लांबी-रुंदी मोजून, कापड सपाट ठेवून खाने पाडले होते. रिकामे असताना सुंदर दिसत होते. लड्या घातल्या तर दोन कशाबशा शिरल्या, तिसरीने अस्तर ओढलं गेलं. मी जाडीचा विचारच केला नव्हता. सगळी टीप उसवून नवी, लांब पट्टी घेतली आणि प्रत्येक खान्याच्या तळाशी दोन्हीकडे चुणी घातली. आता खाना पोट धरतो, वरची कड मात्र सपाट राहते.

मागच्या बाजूला एक रुंद खिसा आलेखाच्या कागदासाठी केला. मी सध्या कसूती, म्हणजे धारवाडकडचं भरतकाम, शिकते आहे. त्यात कापडावर नक्षी छापून घेत नाहीत, ताणा-बाणा मोजत जायचं. त्यातला गवंती टाका धावदोऱ्यासारखा पुढे जातो आणि परतताना मधल्या जागा भरतो, त्यामुळे उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात. गाठ मारायची नाही. मध्येच कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली की नक्षीतलं पुढचं गोपुर वाकडं होतं, म्हणून कागदावर पेन्सिलीने खूण करूनच उठायचं.

चेन लावताना खरी अडचण आली. बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये चेन धरून एकेरी फूटने टीप मारली, ती छान बसली. मग बाहेरचं बाहेरच्याला, अस्तर अस्तराला जोडलं, अस्तराच्या तळाला ४ इंच उघडं ठेवलं आणि उलटवायला गेले. चेन पूर्ण बंद! रनर बाहेरच्या कापडाच्या पोटात, अस्तराच्या फटीतून तिथं हात पोचणंच शक्य नव्हतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. शेवटी बाहेरच्या तळाची ३ इंच टीप उसवली, बोटं घालून चेन उघडली, परत शिवून घेतलं. तुम्ही शिवणार असाल तर चारी बाजू जोडायच्या आधी चेन अर्धी उघडून ठेवा. तळाच्या कोपऱ्यांत इतके थर आले की मशीनची १४ नंबरची सुई मोडली. त्याहून जाड १६ नंबरची घातली आणि चाक हाताने फिरवत तेवढी टीप पूर्ण केली.

पिशवीत मला सगळ्यात आवडतं ते सुयांचं पान. जुन्या लोकरी शालीचा ३ बाय ४ इंचांचा तुकडा, कडेने बटनहोल टाका, आणि आत सहा रंगांचे सहा छोटे टाके. प्रत्येक टाक्याशेजारी एक सुई. उठायच्या आधी पानावर नजर टाकली की कुठल्या रंगाची जागा रिकामी आहे ते लगेच कळतं. शोधत बसावं लागत नाही. कात्रीला पँटच्याच कापडाचं दुहेरी म्यान केलंय, टोकाला आतून पुठ्ठा.

पहिल्या दिवशी नेली तेव्हा मावशींनी पान उघडून बघितलं आणि सहाही सुया मोजल्या. बाबांनी हात फिरवून फक्त खालचं कापड ओळखलं, म्हणाले, "मजबूत आहे."

पट्टा मात्र आखूड झालाय. खांद्याला लावली की पिशवी काखेत अडकते. येत्या रविवारी उसवून आठ इंच वाढवणार आहे, पँटचा दुसरा पाय अजून शिल्लक आहे.