दोन प्लग पॉइंट आणि एक गाडी

गौरी-गणपती बोळवून गुहागरकडच्या आमच्या गावाहून पुण्याला परत येत होतो. कुंभार्ली घाटाच्या मधोमध आमच्या बारा वर्षांच्या डिझेल गाडीच्या क्लचने मान टाकली. डिकीत नारळाची दोन पोती, मागे पेंगुळलेला मुलगा, बाहेर धुकं आणि पाऊस. कोयनानगरपर्यंत कसे आलो ते आमचं आम्हालाच ठाऊक. तिथल्या टपरीवर चहा पिताना नवरा म्हणाला, "आता घ्यायची तर इलेक्ट्रिकच." मी म्हटलं, "आधी हिशेब."

गाडी घरात जास्त मीच चालवते आणि वहीही मीच लिहिते. नवऱ्याचं काम व्हिडिओ बघण्याचं. ते तो दोन वर्षं इमानेइतबारे करत होता.

२०२५च्या सप्टेंबरचा दुसरा आठवडा, म्हणजे ऐन पितृपक्ष. आई (माझ्या सासूबाई) फोनवर म्हणाल्या, "या दिवसांत गाडीचं नाव काढू नका." घ्यायची नव्हतीच, बघायची होती. आणि गाडी बघायला पितृपक्षासारखा काळ नाही, हे माझं आता ठाम मत झालंय. शोरूममध्ये चिटपाखरू नसतं. एरवी दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह देणारा मुलगा आम्हाला चांदणी चौकातून थेट भूगावपर्यंत घेऊन गेला, परत आल्यावर कॉफी पाजली आणि "मॅडम, सर्वपित्रीनंतर या, तेव्हा मला तुमच्याकडे बघायलाही वेळ नसेल" असं हसत सांगितलं.

चार गाड्या पाहिल्या. टाटाची नेक्सॉन ईव्ही, एमजीची विंडसर, ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक आणि नवऱ्याच्या हट्टापायी महिंद्राची बीई ६. बॅटरीचा आकार किलोवॉट-तासात सांगतात. म्हणजे आपल्या वीजबिलावरचं युनिटच, हे कळलं आणि मला सगळा व्यवहार एकदम घरचा वाटायला लागला. क्रेटा ४२ आणि ५१.४ युनिटांची, नेक्सॉनची मोठी बॅटरी ४५ची, बीई ६ची ५९ आणि ७९ची. जितकी युनिटं जास्त तितकं अंतर जास्त, पण किंमतही तितकीच. विंडसरवाल्यांनी बॅटरी भाड्याने देण्याची योजना समजावली : गाडी स्वस्तात घ्या आणि बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे भरा. मला ते घर आपलं आणि जिना भाड्याचा असं वाटलं. ज्यांचं फिरणं कमी आहे त्यांना परवडतही असेल.

चालवायला चारही गाड्या सुखाच्या. क्लच नाही, गिअर नाही, कोथरूडच्या संध्याकाळच्या गर्दीत डावा पाय अक्षरशः बेकार. यावर जास्त लिहीत नाही, ज्याने चालवली त्याला ठाऊक आहे. एका गाडीत स्टेपनी नव्हती, पंक्चर काढायची बाटली आणि छोटा पंप होता. ती मी तिथल्या तिथे खोडली. पुण्यात ठीक, पण आमच्या गावच्या रस्त्यावर टायरची बाजू फाटली तर बाटलीतलं औषध काय करणार?

मग वही. आमचं फिरणं महिन्याला साधारण ११०० किलोमीटर. पेट्रोलची छोटी एसयूव्ही पुण्यात लिटरला बाराच्या पुढे जात नाही, म्हणजे महिना साडेनऊ हजार. इलेक्ट्रिक गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर धरली आणि चार्जिंगमध्ये उष्णतेत वाया जाणारी वीज मिळवली, तर १९० युनिटं. इथे बरेच जण फसतात. सरासरी दराने गुणतात आणि खूश होतात. आमच्या घरी आधीच १८० युनिटं जातात. त्यावर ही १९० चढली की बिल ३०० ओलांडून वरच्या स्लॅबमध्ये शिरतं, आणि शेवटची सत्तर युनिटं सगळ्यात महाग पडतात. नीट मांडल्यावर वाढीव बिल पावणेतीन हजारांच्या आसपास आलं. वेगळं मीटर घेतलं तर चार्जिंगची स्वतंत्र वर्गवारी लागते आणि स्लॅबची ही शिडी चढावी लागत नाही, पण त्यासाठी सोसायटीच्या मीटर-खोलीत जागा हवी. ती आमच्याकडे नाही.

तरी वर्षाला ऐंशी हजार वाचत होते. पेट्रोल गाडीची शोरूम किंमत साडेतेरा लाख, वर महाराष्ट्राचा १२ टक्के रस्ता कर. इलेक्ट्रिक साडेसोळा लाख, पण रस्ता कर शून्य. दोन्ही रस्त्यावर आणल्या तर फरक पावणेदोन लाखांच्या आत. दोन-सव्वादोन वर्षांत वसूल! मी वही मिटली आणि नवऱ्याला म्हटलं, "चल, पटलं."

तेवढ्यात जीएसटी बदलला. २२ सप्टेंबरपासून, ऐन घटस्थापनेला, चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के कर आणि वरचा उपकर जाऊन सरसकट १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर २०१९ पासून ५ टक्के होता, तो तसाच राहिला. साडेतेराची पेट्रोल गाडी साडेबाराच्याही खाली आली. फरक तीन लाखांवर गेला आणि वसुली चार वर्षांवर. नवऱ्याने विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मग काय, वही परत उघड."

खरं सांगायचं तर एव्हाना माझा जीव वहीत नव्हताच, तो गावात अडकला होता. त्याचं कारण जीएसटीच्या आठवडाभर आधी घडून गेलं होतं. आम्ही ४५ युनिटांची एक इलेक्ट्रिक गाडी तीन दिवस भाड्याने घेऊन गावी गेलो होतो. विकत घेण्याआधी कोणी एकच गोष्ट करायची असेल तर हीच करावी.

पुण्याहून शंभर टक्क्यांवर निघालो. खेड-शिवापूरला टोल भरला, आनेवाडीला भरला. इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी म्हणतात ती मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूसाठी जाहीर झाली, आमच्या वाटेला तिचा उपयोग शून्य. खंबाटकी चढताना टक्के असे भराभर उतरले की नवऱ्याने गुपचूप एसी बंद केला. मागून मुलगा म्हणाला, "बाबा, काचेवर वाफ जमलीय, समोरचं दिसतंय का तुम्हाला?" एसी परत लागला. साताऱ्याला ६० टक्के. ॲपमध्ये हिरवा दिसणारा पहिला चार्जर प्रत्यक्षात बंद होता, त्यावर कोणीतरी ओलं फडकं वाळत घातलं होतं. दुसरा चालू होता, पण तिथे एक गाडी लावून मालक मिसळ खायला गेलेले. ते आले, दिलगिरी व्यक्त केली, आणि पुढची दहा मिनिटं आपल्या गाडीचं कौतुक सांगत उभे राहिले. पंचवीस मिनिटांत आमची ८४वर गेली. युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच वरचा, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे बाहेरच्या चार्जिंगवरच जगायचं असेल तर बचतीचा चांगलाच भाग तिथेच संपतो.

उंब्रजहून पाटण, कोयनानगर. घाटमाथ्यावर ५३ टक्के होते, पोफळीला उतरलो तेव्हा ५५. पाय उचलला की मोटर उलटी जनित्र होते आणि उतारावरची ओढ बॅटरीत भरते, हे वाचलं होतं. पण तो आकडा डोळ्यांसमोर वाढताना पाहिला आणि मला हसू आलं. त्याच डोंगराच्या पोटातून कोयनेचं पाणी खाली पडतं आणि पोफळीला वीज करतं. आम्ही त्याच धंद्यात दोन टक्क्यांचे भागीदार.

घरी पोचलो ३८ टक्क्यांवर. अडीचशे किलोमीटरला एकूण ८६ टक्के लागले, म्हणजे पूर्ण बॅटरीत २९०. कंपनीचा दावा साडेचारशेच्या पुढचा होता. तो प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा. पाऊस, घाट, तीन माणसं आणि वाफ धरणाऱ्या काचा त्या चाचणीत नसतात. हे धरून चाललं तर फसगत होत नाही.

फसगत पडवीत झाली. पंधरा अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला आणि लाल दिवा. परत लावला, परत लाल. आबा (माझे सासरे) खुर्चीत बसून बघत होते. "या सॉकेटवर गिरणी चालते, पंप चालतो, आणि ही वीस लाखांची बाई रुसून बसली?" वाडीतला वायरमन आला. होल्डरला बल्ब लावून त्याने एक वायर फेजमध्ये आणि एक अर्थिंगला, म्हणजे गळकी वीज जमिनीत सोडणाऱ्या तारेला, धरली. बल्ब मिणमिणला, पणतीएवढा. "वहिनी, अर्थिंगच नाही तुमच्याकडं. घर जांभ्यावर, पट्टी कातळाला टेकवून ठेवलीय नुसती." गिरणीला अर्थिंग नसलं तरी ती चालते आणि एखाद्या दिवशी शॉक देते. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो, आणि नसेल तर वीज घेतच नाही. रुसवा नव्हे, शहाणपण. पण आबांना हे कोण सांगणार?

त्याच रात्री पावसाने लाइट गेली ती दुसऱ्या दुपारी आली. अर्थिंग असतं तरी उपयोग नव्हता. मेणबत्तीच्या उजेडात आबा शांतपणे म्हणाले, "रात्री-अपरात्री मला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?" आधीच्या दोन आठवड्यांत ऐकलेला हा सगळ्यात मोठा तोटा, आणि कुठल्याच व्हिडिओत नव्हता. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी चिपळूणला जाऊन एका चार्जरवर पाऊण तास थांबले आणि तोच प्रश्न घोळवत बसले. ३८ टक्क्यांत शंभर किलोमीटर आरामात जाते, चिपळूण तीसवर. डिझेलच्या गाडीत तरी आम्ही टाकी भरून कधी ठेवत होतो? गावी पोचताना निदान पस्तीस टक्के उरलेच पाहिजेत, हा नियम तिथे ठरला. तो पाळायचा तर वाटेत एकदा चार्जिंगला थांबणं आलं. ते मान्य.

पुण्यातला प्लग पॉइंट याहून अवघड निघाला, कारण तिथे जांभा नव्हता, सोसायटी होती. मी अर्ज दिला : माझ्या मीटरवरून, माझ्या खर्चाने, माझ्या पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचा एक पॉइंट. कमिटीच्या बैठकीत पहिला प्रश्न आगीचा. मी सांगितलं, आम्ही पाहतोय त्या गाडीची बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची आहे, ती उष्णतेला तुलनेने जास्त सोसते. पेट्रोलच्या चाळीस टाक्या खाली उभ्या आहेत त्यांची कोणाला भीती वाटत नाही, हे मात्र बोलले नाही. बोलले असते तर आजही अर्ज पडून असता. चेअरमनकाकांचा प्रश्न खरा होता : "आज तू मागतेस, उद्या चाळीस जणांनी मागितलं तर बिल्डिंगचा लोड पुरेल का?" नाही पुरणार. मी तसंच सांगितलं, आणि त्यामुळेच बहुधा वातावरण सैल झालं. परवानगीच्या पत्रात तेच लिहिलं गेलं : वाढीव लोडचा प्रश्न आला तर सगळे मिळून खर्च वाटून घेतील, पहिली आली म्हणून मला सूट नाही. दिवाळीच्या तोंडावर सही झाली.

शोरूमवाले भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा मोठा चार्जर घ्या म्हणत होते. तो घेतला असता तर लोड वाढवणं, पुन्हा अर्ज. मी नको म्हटलं. रात्री दहा ते सकाळी सात साध्या पॉइंटवर तीस युनिटं भरतात, आणि मला रोज लागतात सहा-सात. पॉइंट, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि मीटर-खोलीपासूनची केबल मिळून अकरा हजार खर्च आला.

आणि तीन लाखांचा फरक? तो तसाच राहिला. चार वर्षांनी वसूल होईल, त्याआधी विकली तर तोटाच, कारण जुन्या इलेक्ट्रिक गाडीला भाव देताना डीलर आजही नाक मुरडतात. काही कंपन्या बॅटरीची पंधरा वर्षांची हमी देतात तीही पहिल्या मालकापुरती. पण आम्ही आधीची गाडी बारा वर्षं वापरली, ही दहा तरी वापरू. महिन्याला सहाशे किलोमीटरच फिरत असतो, किंवा पार्किंग रस्त्यावर असतं, तर मी पेट्रोलची घेतली असती आणि रात्री शांत झोपले असते.

नोव्हेंबरात हिरव्या पाटीची गाडी दारात आली. बॅटरी ४५चीच, स्टेपनीसकट. मोठीचा मोह झाला होता, पण वर्षातल्या सहा फेऱ्यांसाठी बाकीचे दिवस जास्तीचं वजन आणि हप्ता कशाला वाहायचा?

गावी न्यायच्या आदल्या आठवड्यात वायरमनचा फोन आला. आबांनी न सांगता खळ्याच्या कडेला, जिथे थोडी माती आहे तिथे, अर्थिंगसाठी आठ फूट खड्डा काढून घेतला होता. त्यात पाइप, मीठ, कोळसा, सगळं यथासांग. बिल त्यांनीच भरलं, आकडा सांगायला तयार नाहीत. आम्ही पोचलो, पडवीत चार्जर लावला, हिरवा दिवा. आबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

पाऊस संपून आता जमीन सुकली. सुक्या मातीत अर्थिंग पुन्हा कमकुवत होतं, असं वायरमन सांगून गेलाय. परवा आई फोनवर सांगत होत्या, "रोज संध्याकाळी दोन कळश्या नेतात. एक तुळशीला, एक तुझ्या गाडीच्या खड्ड्यात."