मातोझिन्युशच्या डब्या: सार्डिन कशी शिजते, कशी मुरते

पोर्तुगालमधल्या पोर्तोहून मेट्रोची निळी लाइन धरली की साधारण अर्ध्या तासात मातोझिन्युश येतं. इथे 1920 पासून चालू असलेला, सार्डिन मासा डबाबंद करणारा पिन्याइशचा कारखाना आहे. आत फिरून काम बघता येतं आणि शेवटी डबी उघडून चवही देतात. जायचं तर सार्डिनच्या हंगामात, म्हणजे साधारण मे-जून ते ऑक्टोबर, आणि सकाळच्या वेळी. मासा आलाच नसेल तर टेबलं रिकामी दिसतात, म्हणून आधी विचारून घ्यावं. मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलो. उन्हाळाभर चरून मासा तेव्हा चांगला चरबीला आलेला असतो.

पोर्तुगीज सार्डिन तारलीच्याच कुळातली. आली की आधी मिठाच्या पाण्यात पडते, त्याने मांस घट्ट होतं. किती वेळ ठेवायची ते माशाच्या आकारावर आणि चरबीवर ठरतं. मग टेबलाशी बसलेल्या बायका सुरीच्या एकाच झटक्यात डोकं काढतात आणि त्याच ओढीत कोथळाही बाहेर येतो. हात इतका बसलेला असतो की पोट फाटत नाही. मासा भरल्या पोटी पकडलेला असेल तर मात्र पोटातले पाचक रस आतून मांस खातात, पोट फुटतं आणि तो मासा बाजूला काढावा लागतो. मासा गार ठेवण्यात हयगय झाली तर त्याहून वाईट: हिस्टामीन तयार होतं, ज्याने ॲलर्जीसारखी विषबाधा होते, आणि ते पुढच्या कुठल्याही उष्णतेने जात नाही. डबाबंद माशाचा दर्जा बोटीवरच्या बर्फापासून ठरतो, तो असा.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. साफ केलेले मासे जाळीत लावून धुतात आणि डबीत भरण्याआधीच वाफेवर शिजवतात. बऱ्याच कारखान्यांत मासा कच्चाच भरतात आणि तो डबीतच शिजतो. काम झटपट होतं, पण शिजताना सुटलेलं पाणी आतच राहतं. तेल गढूळ होतं, मांस पिठूळ लागतं. आधी वाफवलं की ते पाणी जाळीतून गळून जातं आणि त्याची जागा पुढे तेल घेतं. वाफ कमी पडली तर पाणी राहतं, जास्त झाली तर कातडी सोलवटते आणि मासा भरताना मोडतो.

गार झालेल्या माशाच्या शेपट्या कात्रीने छाटून डबीच्या मापाचे करतात. तिखट प्रकारात मिरची, गाजराची चकती, काकडीच्या लोणच्याची फोड, लवंग, मिरी आणि तमालपत्राचा तुकडाही जातो. वरून ऑलिव्ह तेल. ठरलेल्या मापापेक्षा जास्त भरलं आणि माशाचा एखादा तुकडा झाकणाच्या दुमडीत अडकला, तर तिथूनच डबी पाझरते. डबा आणि झाकण यांच्या कडा एकमेकींत दोनदा वळवून दाबलेल्या असतात आणि सारी भिस्त त्या वळणावर असते.

मग दाबाखालची उष्णता. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू 100 अंशांना दाद देत नाहीत, म्हणून जगभर हिशेब 121 अंश सेल्सिअसचा धरतात: डबीतल्या सगळ्यात थंड बिंदूला निदान त्या तापमानाच्या 3 मिनिटांइतका परिणाम पोचलाच पाहिजे. याच उष्णतेने काटे इतके मऊ होतात की चावून खाता येतात.

तयार डबी लगेच खाऊ नये, हे मला इथे सगळ्यात पटलं. पहिल्या काही आठवड्यांत तेल वेगळं आणि मासा वेगळा लागतो. काही महिन्यांत तेल आत शिरतं, माशाची चरबी तेलात उतरते आणि लवंगेचा उग्रपणा बसतो. घरी ठेवायची तर गार, कोरड्या जागी ठेवावी आणि सहा महिन्यांनी उलटी करावी, म्हणजे वरचा मासा तेलावाचून राहत नाही. टोमॅटोतल्या डबीला हा नियम लावू नये. आंबटपणा डब्याच्या आतल्या लेपावर हळूहळू काम करतो, ती आधी संपवावी.

लिस्बनमध्ये खरेदीला रुआ दुश बाकाल्योएरुशवरचं 1930 सालचं कोन्सेर्वेइरा दि लिझबोआ हे दुकान गाठावं. डब्या कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधून देतात. लेबलावर ‘एम आझैत’ म्हणजे ऑलिव्ह तेलात, ‘ओलिउ’ म्हणजे साध्या खाद्यतेलात. ‘सैं पेल इ सैं इश्पिन्याश’ म्हणजे कातडी-काट्यांशिवाय. माशाच्या वासाला बिचकणाऱ्यांना ती बरी वाटते, पण कातडीखालची चरबी गेली की अर्धी चव जाते, मी ती घेत नाही. ‘पेतिंगा’ म्हणजे छोट्या सार्डिन, 125 ग्रॅमच्या डबीत दाटीने बसवलेल्या. मोठ्या तीन-चारच मावतात, मांस भरीव असतं. सार्डिन जड वाटत असेल तर बांगड्याच्या जातकुळीतली ‘कावाला’ घ्यावी. पर्यटकांसाठी जन्मसाल छापलेल्या डब्याही मिळतात. ते साल माशाचं नसतं, आतल्या मालाची तारीख वेगळी बघावी.

डबी उघडल्यावर काचेच्या तुकड्यासारखा कण दिसला तर घाबरू नये. बहुधा तो स्ट्रुव्हाइटचा खडा असतो, माशातल्याच मॅग्नेशियम आणि फॉस्फेटपासून झालेला. कोमट व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवावा. स्ट्रुव्हाइट विरघळतो, काच विरघळत नाही. फुगलेली किंवा झाकणाच्या कडेला चेपलेली डबी मात्र चाखूनही बघू नये. विमानात डब्या चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध आडव्या ठेवाव्यात. मधल्या पत्र्याला पोचा आला तरी एक वेळ चालतं, कडेला आलेला चालत नाही.