दुखण्याचे नाव

माणूस आपल्या दुखण्याला जे नाव देतो, त्यावरूनच तो मदतीसाठी कोणाकडे जाईल, किंवा कोणाकडेच जाणार नाही, हे पुष्कळदा ठरते. मानसिक आजारांच्या चर्चेत या गोष्टीकडे होणारे दुर्लक्ष मला फार खटकते.

झिम्बाब्वेतील शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ अतिविचार, आणि तो विचार आजाराचे लक्षणही मानला जातो व कारणही. हरारे येथील मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये दवाखान्यांच्या आवारात बाक ठेवून, प्रशिक्षण दिलेल्या आज्यांकडून समुपदेशन सुरू केले, तेव्हा त्या बाकाच्या नावात आधी मानसिक आरोग्याचा उल्लेख होता. अशा बाकावर कोणी बसणार नाही, हे त्या आज्यांनीच त्यांना सांगितले, आणि मग ‘मैत्रीचा बाक’ हे नाव रूढ झाले. त्या स्त्रिया समोरच्याला त्याच्या अतिविचारांविषयी विचारतात, मन मोकळे करू देतात आणि अनेक अडचणींतली एक निवडून तिच्यावरचा मार्ग त्याच्याकडूनच शोधून घेतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशी मदत मिळालेल्यांमध्ये सहा महिन्यांनंतर नैराश्याची लक्षणे इतरांपेक्षा पुष्कळच कमी आढळली. समस्या सोडवायला शिकवणारी ही उपचारपद्धती मुळात बाहेरून आलेली आहे; तिने रुग्णांची भाषा स्वीकारली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

चीनमधील हुनान प्रांतात 1980 च्या सुमारास अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असे निदान झालेल्या 100 रुग्णांना तपासले. त्यांच्यापैकी 87 जणांना पाश्चात्त्य निकषांनुसार तीव्र नैराश्य होते, परंतु ते सांगत होते डोकेदुखी, निद्रानाश आणि थकवा. ज्यांनी सांस्कृतिक क्रांतीच्या काळात उदासीनता हा राजकीय दोष ठरताना पाहिला होता, त्यांनी मनाऐवजी शरीराचे दुखणे सांगावे, यात त्यांचे अज्ञान शोधणे मला अन्यायाचे वाटते.

जपानमध्ये स्किझोफ्रेनियाला ‘मन दुभंगण्याचा आजार’ म्हणत असत, आणि ते नाव इतके जड होते की डॉक्टर रुग्णाला निदान सांगायचेच टाळत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून 2002 मध्ये ते बदलले, आणि निदान सांगितल्या गेलेल्या रुग्णांचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे 37 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेले. अर्थात, लोकसंख्येच्या मानाने मनोरुग्णांसाठीच्या खाटा जपानमध्ये त्यानंतरही इतर विकसित देशांपेक्षा खूप जास्त राहिल्या, आणि अनेक रुग्ण वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहत आले.